सात दमांची वाट

बागेतल्या मिस्त्रींच्या नाकावर माशी बसत नाही, हे खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही त्या शनिवारी सकाळी शिपायाने तो कागद त्यांच्या पुढ्यात धरला आणि वर म्हणाला, "वाचून सही करा, मिस्त्री. घाई आहे." आता याला धाडस म्हणायचं की बावळटपणा, तुम्हीच ठरवा.

मिस्त्री पंपघरामागच्या आपल्या खोलीत फळीला रंधा मारत होते. खोली दहा बाय बारा. एका भिंतीवर करवती मोठीपासून छोटीपर्यंत टांगलेल्या, खिडकीखाली पटाशांची पेटी, कोपऱ्यात भुश्शाचं पोतं. त्या भुश्शाचा वास मिस्त्रींच्या शर्टात इतका मुरलेला, की कितीही धुवा, जात नसे. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं.

'बाग ते नदीकाठचे गाव या पायवाटेवर सात लाकडी बाक मनमानी अंतरावर बसवलेले आढळले. ते काढून त्या जागी समान अंतरावर सात लोखंडी बाक बसवावेत. काम सोमवारी सुरू करावे.' खाली नव्या इंजिनिअर बाईंची सही.

मिस्त्रींनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे कान लाल झाले.

"मनमानी? कुणाची मनमानी?"

"मला काय ठाऊक? मी फक्त कागद नेतो-आणतो," शिपाई म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

"सोमवार म्हणजे परवा?"

"परवाच की."

बाक काढणार याचं वाईट वाटणारच. त्या सात बाकांपायी मिस्त्रींनी एक अख्खं वर्ष घातलं होतं, आणि पुढची सव्वीस वर्षं ते दरसाल त्यांना तेल पाजत, एकेक स्क्रू आवळत आले होते. पण सगळ्यात जास्त झोंबला तो 'मनमानी' हा एक शब्द. त्या बाकांमध्ये दुसरा कुठला दोष असेल तर असेल, मनमानी मात्र औषधालासुद्धा नव्हती.

त्याचं असं झालं होतं. मिस्त्रींची आई याच बागेत झाडलोट करायची. पहाटे गावातून निघायची, नदीचा बांध धरून चालायची, मग चढ चढून खालच्या फाटकातून आत यायची आणि पंपघरापाशी झाडू हातात घ्यायची. ती झाडायची ते रस्ते असे लख्ख व्हायचे, की सकाळी फिरायला येणारी माणसं जोडे झटकून त्यावर पाय ठेवायची. पुढे वयाने तिला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, दमा. ती म्हणाली, "मला दमा नाही, मला दम आहे," आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर! वाटेत थांबायची, पण बसायची नाही. खाली जमिनीवर बसलं तर उठता यायचं नाही, आणि उठवायला कुणी हात दिला तर तिला खपायचं नाही. म्हणून कमरेवर हात ठेवून उभीच राहायची. कुणी विचारलं, काय हो, दमलात का? तर म्हणायची, "छे! नदी बघतेय."

मिस्त्री तेव्हा तेहतीस वर्षांचे. हट्टाला पेटले. ऐन थंडीत पंधरा दिवस ते रोज पहाटे खुंट्यांची पिशवी घेऊन तिच्या मागून, तिला कळू न देता चालले. ती जिथे थांबायची, तिथे ती पुढे सरकली की हे एक खुंटी ठोकायचे. पंधरा दिवसांत वाटेवर सात ठिकाणी खुंट्यांचे सात घोळके झाले. प्रत्येक घोळक्याच्या मधोमध एक बाक, असा हिशेब. मोजपट्टीला त्यात कामच नव्हतं. तेव्हाचे साहेब भले गृहस्थ, वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड वापर म्हणाले. बसायची उंची आईच्या गुडघ्याएवढी. हात टेकायला दांडा फक्त डाव्या बाजूला, कारण झाडू मारून मारून तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. पहिला बाक तयार झाला तेव्हा आई त्यावर बसली, दोन्ही पाय नीट टेकतायत का ते बघितलं, डाव्या हातावर जोर देऊन उठली, परत बसली, आणि म्हणाली, "ठीक आहे." मिस्त्रींना आयुष्यात मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

गावाने मग त्या अंतराला नावच दिलं. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत म्हणजे एक दम. दवाखाना किती लांब? पाच दम. पोस्ट? दोन दम आणि मग डावीकडे. कुठला दम लांबडा, कुठला आखूड, पण गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे असलं बोलणं कानावर पडलं, की मिस्त्रींची छाती दोन इंच पुढे यायची.

तर असे मिस्त्री, आणि त्यांना कागदावर लिहून दिलं, मनमानी. ते तसेच भुश्शाने भरलेल्या पायांनी, कागद हातात धरून ऑफिसात शिरले.

इंजिनिअर बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. येऊन तीनच महिने झाले होते. टेबलावर नकाशा पसरलेला, पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. दाराशी त्यांचं ते लांब दांड्याचं मोजणीचं चाक टेकवून ठेवलेलं. जमिनीवरून ढकलत नेलं की दर मीटरला ते टिक करायचं. बाई ते घेऊन गावभर हिंडल्या होत्या, म्हणून गावात त्यांचं नाव पडलं होतं चाकवाल्या बाई.

"बाई, मनमानी कुणी केली?"

"काका, आधी बसा ना."

"बसायला बाक ठेवताय कुठे तुम्ही!"

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "हे बघा. चढावर दोन बाक, मध्ये अंतर एक्केचाळीस मीटर. आणि खाली बांधावर दोन बाकांच्या मध्ये तीनशे चाळीस मीटर. एकीकडे मांडीला मांडी लावून आणि दुसरीकडे पत्ताच नाही. याला मी काय म्हणायचं? बरं, मी बाक कमी करत नाहीये. तुमचे सात, माझेही सात. फक्त दर एकशे साठ मीटरवर."

"तुमचं चाक शहाणं आहे, बाई. त्याला धाप लागत नाही."

"मग समजावून सांगा ना मला."

इथे दुसरा कुणी असता तर खुर्ची ओढून, शांतपणे आईपासून सगळं सांगून मोकळा झाला असता. पण मिस्त्री म्हणजे मिस्त्री. "सांगायचं काय त्यात? चाला माझ्याबरोबर. डोळे असतील तर दिसेल."

"आत्ता? अकरा वाजलेत. बाहेर ऊन बघा."

"ऊन तुम्हाला लागत असेल. मला नाही लागत."

बाईंनी खुंटीवरची टोपी काढली, मिस्त्रींच्या हातातला कागद मोजणीच्या खुंट्यांच्या पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला अडकवली आणि चाक उचललं. "चला. गावापर्यंत जाऊ. मला पटलं तर मी कागद बदलते. नाही पटलं तर सोमवारी तुमच्या हाताने बाक काढायचे, आणि एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

"एकदा नाही, दहादा कबूल!"

ऑफिसच्या फाटकाशी मिस्त्रींची बायको उभी. एका हातात छत्री, दुसऱ्यात पाण्याची बाटली, आणि गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबतेय. गावातल्या निम्म्या घरांचे कपडे ती शिवायची. शिपायाने फोन करून बातमी पोचवली होती आणि ती मशीनवरचं काम टाकून निघाली होती.

"अगं, तू कशाला आलीस?"

"तुमची जीभ एकटी सोडायची नाही म्हणून आले," ती म्हणाली आणि बाईंकडे बघून हसली. "बाई, हे ओरडायला लागले की माझ्याकडे बघायचं."

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण निराळं होतं. गेले काही महिने मिस्त्री खांद्यावर फळी घेतली की मध्येच थांबतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. का थांबलात विचारलं तर म्हणायचे, "फळीला बाक आलाय का बघतोय." दवाखान्यात चला म्हटलं की लगेच काहीतरी काम निघायचं. आई तशी आणि लेक असा. तिने कपाळाला हात लावला होता, दुसरं काय करणार?

निघाले तिघे. बागेतलं गवत उन्हाने करपून पिवळं पडलं होतं, पण पंपाजवळच्या पट्ट्यात पाणी सोडलेलं, तिथे दोन कावळे अंघोळ करत होते. पंपघरापाशीच्या बाकावर निलगिरीची सावली बरोबर पडली होती. मिस्त्रींनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. बांबूंजवळच्या बाकावर एक आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मिस्त्रींनी नुसत्या भुवया उडवून बाईंना त्या दाखवल्या, म्हणजे बघा, असा अर्थ. बाईंचं चाक टिक टिक करत होतं.

खालच्या फाटकाबाहेर उतार लागतो. बाईंनी चाक उभं केलं. "आता हे दोन. इतक्या जवळ कशाला, काका? इथे तर नुसतं पाय सोडले की माणूस खाली पोचतो."

मिस्त्री उत्तर देणार एवढ्यात खालून मास्तर येताना दिसले. शाळेतून निवृत्त झालेले, गावातलंच माणूस. खालच्या बाकाशी पोचले, बसले, गुडघ्यांवर हात फिरवले. उठले, एक्केचाळीस मीटर चढले, आणि वरच्या बाकावर परत बसले.

"आजोबा, आत्ताच तर बसला होतात," बाई म्हणाल्या.

"आत्ताच?" मास्तरांनी श्वास गोळा केला. "बाई, तुम्ही खाली चाललाय. मी वर येतोय. खालच्यावर बसतो तो गुडघ्यांसाठी, आणि वरच्यावर बसतो तो छातीसाठी. यातला एक हलवून बघा, मी बागेत यायचा बंद. आमच्या घरची म्हणेल, झालं, आता हे दिवसभर डोक्याशी!"

मिस्त्री हात पाठीमागे बांधून आकाशाकडे बघत उभे राहिले, आणि चेहऱ्यावर असा काही भाव, की बायकोला त्यांना चिमटा काढावासा वाटला. मग तिनेच बाईंना सगळं सांगितलं. थंडीतल्या पहाटा, खुंट्यांची पिशवी, आईचं कमरेवर हात ठेवून उभं राहणं, डाव्या बाजूचा दांडा. बाईंनी वाकून तो दांडा बघितला. बसून, डावा हात टेकून, उठून बघितलं.

"हे कागदावर कुठेच कसं नाही?"

"कुणी विचारलंच नाही," मिस्त्री म्हणाले.

"आणि विचारलं असतं तरी यांनी सांगितलं नसतं," बायको म्हणाली.

बाई बऱ्याच नरमल्या होत्या. आता इथेच मिस्त्रींनी तोंड मिटून घेतलं असतं तर निम्मी लढाई जिंकल्यातच जमा होती. पण उतार संपला, बांध सुरू झाला, आणि तिथल्या बाकाशी उभं राहून बाईंनी समोर बघितलं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली रिकामी शेतं, मध्ये सरळ पांढरी वाट. दुसऱ्या टोकाचा बाक पार लांब, बोटाच्या पेराएवढा दिसत होता. मध्ये एक विजेचा खांब. बाकी सावली म्हणून कुठे नाही.

"मग इथे का नाही, काका? तीनशे चाळीस मीटर रिकामं?"

"सपाट आहे. रांगतं मूलसुद्धा जाईल. आई इथे थांबलीच नाही. पंधरा दिवसांत एक खुंटी पडली नाही इथे."

"तरी पण हे चुकल्यासारखं नाही वाटत?"

"माझं माप चुकत नाही, बाई." मिस्त्रींचा आवाज चढला. "उभ्या आयुष्यात चुकलेलं नाही. तुमच्या चाकाला घेऊन या मागून."

आणि ते निघाले ते तरातरा, दोघींना मागे टाकून, शर्टाची बाही वर सरकवत. बायकोने हाक मारली, छत्री तरी घ्या! छत्री घेतील तर ते मिस्त्री कसले.

बारा वाजत आले होते. नदी उन्हाळ्याने आटून अर्ध्यावर आलेली, मधले दगड उघडे पडलेले. पाण्याकाठी दोन-तीन बायका कपडे धूत होत्या. बांधाची माती इतकी तापली होती की चपलेतून चटका बसत होता. खांबापाशी पोचेपर्यंत मिस्त्रींच्या लक्षात आलं की श्वास वरच्या वर येतोय, खाली उतरतच नाहीये. मागे वळून बघितलं. दोघी येत होत्या. थांबायचं? आत्ता? माप चुकत नाही म्हणून छाती ठोकून सांगितल्यावर? छे! ते चालत राहिले. दहा पावलं. वीस. कानात नुसतं धाडधाड.

मग ते एकदम थांबले आणि नदीकडे बोट केलं. "बगळा!"

"कुठाय बगळा?" बायको मागून म्हणाली.

"तो काय, तिथे."

"अहो, तो दगड आहे."

मिस्त्रींना हसायचं होतं, पण हसायला श्वास शिल्लक नव्हता. पाय गेले आणि ते मटकन खाली बसले, त्या तापलेल्या मातीत. बायकोने धावत येऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, बाटलीतलं पाणी ओंजळीने मानेवर मारलं. बाईंनी चाक तिथेच टाकून दिलं आणि फोन काढला. मिस्त्रींनी हात हलवला. नको, नको. जरा थांबा. पाच मिनिटं गेली तेव्हा कुठे छातीतली धडधड उतरली आणि रंग परत आला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. डावा हात बाजूला नेला, पण तिथे टेकायला काहीच नव्हतं. दोघींनी दोन बाजूंनी ओढलं, तेव्हा ते उभे राहिले. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"आईला असं कधी झालं नाही इथे," ते पुटपुटले. "कधीच नाही. मी मागे होतो."

बायकोने छत्री सावरली. पदराने त्यांच्या गळ्यावरचा घाम टिपला. मग म्हणाली, "व्हायचं."

"काय?"

"आई इथेच थांबायच्या. अगदी इथेच नाही, इथल्याच आसपास. तुम्ही मागून चाललात ते थंडीत. पहाटे. कामावर जाताना. उन्हाळ्यात, भर दुपारी, सहा तास झाडू मारून परत येताना कधी चाललात त्यांच्या मागे? तेव्हा तुम्ही बागेत असायचात. मी यायचे छत्री घेऊन त्यांना आणायला. रोज इथे उभ्या असायच्या. चांगल्या पाच-दहा मिनिटं."

"एकही खुंटी नव्हती गं इथे!"

"कशी असेल? मला म्हणाल्या, इथे एक कमी पडतो गं. पण त्याला सांगू नकोस. गावभर छाती काढून फिरतोय माझा लेक, फिरू दे."

मिस्त्रींनी मान तिच्याकडे वळवली. "आणि तू सव्वीस वर्षं..."

"शब्द दिला होता ना त्यांना. त्या गेल्यावर सांगणार होते. पण तुम्ही बाकांना तेल लावायला निघायचात तेव्हाचं तुमचं तोंड बघून माझ्याच्याने नाही झालं."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. घाम आहे असं म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. पाच उन्हाळे आई या वाटेने गेली होती त्यांनी बाक बसवल्यानंतर. पाच उन्हाळे ती इथे, या चटक्यात, उभी राहिली होती. त्यांनी कधी विचारलं की, आई, सगळं बरोबर आहे ना? तर दर वेळी म्हणाली होती, ठीक आहे. त्यांना तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या सगळ्याच्या वर तिची अशी काही माया दाटून आली की ते तिथे वाटेतच तोंड झाकून रडले. बायकोने छत्री जरा खाली केली, म्हणजे नदीवरच्या बायकांना दिसू नये.

मग त्यांनी शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं आणि बाईंकडे वळले. "लिहा, बाई. माप चुकलं. सातही बरोबर आहेत, पण एक कमी आहे. चूक माझी. सोमवारी माझ्या हाताने काढतो."

बाईंनी पिशवीतून तो कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि 'मनमानी' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग जरा विचार केला आणि खालच्या सगळ्या ओळींवरही मारली.

"काका, माप होतं म्हणून तर चूक सापडली. मी नकाशावर बसून हे शंभर वर्षांत शोधलं नसतं. तुमचे सात राहू देत जिथे आहेत तिथे. आठवा करा. लाकूड मी मिळवून देते." त्यांनी चाक उचललं. "कुठे घालायचा? बरोबर मध्यावर घेऊ? एकशे सत्तरला?"

"मध्यावर?" मिस्त्रींचा आवाज असा काही परत आला, की बायकोने सुटकेचा निश्वास टाकला. "परत तुमचं तेच! मध्यावर कुणाचा दम संपतो? जिथे संपतो तिथे घालायचा."

"मग इथेच ना, तुम्ही बसलात तिथे?"

मिस्त्रींनी खाली मातीकडे बघितलं, मागे खांबाकडे बघितलं, आणि मान हलवली. आता खोटं माप द्यायला ते काही तयार नव्हते. "इथे नाही. इथे मी पडलो. दम आधीच संपला होता. पुढची पावलं मी माजाने टाकली. ती मोजायची नाहीत." ते मागे वळले. "चला परत. तिकडच्या बाकापासून. नीट मोजू."

"आज नाही हं," बायको म्हणाली. "उद्या पहाटे गार वेळेला बघू."

"पहाटेच तर चुकलं होतं माझं!"

पण तीही काही कमी नव्हती. तिने छत्री मिटली आणि वाट अडवून उभी राहिली. "एका अटीवर. छत्री घ्यायची, पावलागणिक माज करायचा नाही, आणि सोमवारी सकाळी आधी दवाखाना, मग रंधा."

"येतो."

"बाई, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

ते हळूहळू मागे गेले, बांधाच्या सुरुवातीच्या बाकावर चांगली पंधरा मिनिटं बसले, पाणी प्यायले, श्वास पार जागेवर येऊ दिला. बाईंनी चाकाचा आकडा शून्यावर आणला. मग मिस्त्री डाव्या हातावर जोर देऊन उठले आणि निघाले, डोक्यावर बायकोची फुलाफुलांची छत्री, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला टिक टिक करणारं चाक. घाई नाही, ढिलाई नाही. रोज कामावरून घरी जाणारा माणूस चालतो तसे. खांब यायच्या जरा आधीच ते थांबले. एक पाऊल पुढे टाकून बघितलं, आणि ते मागे घेतलं.

"दमलो!" मिस्त्री ओरडले.

केवढ्याने ओरडले म्हणता! नदीवरच्या बायकांनी कपडे आपटायचे थांबवून वर बघितलं. एकोणसाठ वर्षांत हा शब्द त्या तोंडातून कुणी ऐकला नव्हता.

"एकशे एकतीस," बाई चाकावर वाकून म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून खुंटी काढली. मिस्त्रींनी ती त्यांच्या हातातून घेतली, वाटेच्या कडेला टेकवली आणि दगडाने स्वतः ठोकली. दोनच ठोके, सरळ. मग बायकोकडे बघून विचारलं, "आई इथेच थांबायची?"

"नाही," ती म्हणाली. "आई पुढे जायच्या. खांबाच्या पलीकडे. ती तिथे वाट जरा खचलीय ना, तिथवर."

"तिथवर?"

"खांबापासून बावीस पावलं. मी मोजलीत. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात."

शेवटच्या उन्हाळ्यात आई त्रेसष्ट वर्षांची होती. मिस्त्रींनी त्या खचलेल्या जागेकडे बघितलं. एक हात खुंटीवर ठेवून ते ती बावीस पावलं मनाशी मोजत राहिले, ओठ हलत होते. मोजून झाल्यावर ते सरळ उभे राहिले, छत्री मागे केली, आणि त्यांची छाती अशी पुढे आली की शर्टाचं बटण ताणलं.

"ऐकलंत, बाई? खुंटी माझ्याच जागेवर राहू दे, बसायचंय ते कमी दमाच्या माणसाला. पण तेही लिहा. आई खांबाच्याही बावीस पावलं पुढे. त्रेसष्टाव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, काम करून परत येताना."

बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला. "लिहिते. पण कुठल्या रकान्यात लिहू, काका?"

"कुठल्याही लिहा," मिस्त्री म्हणाले. "पण मोठ्या अक्षरात लिहा."